चहा तुलना समितीचा न लागलेला निकाल

सोमवार, दिनांक ९ एप्रिल १९८४ रोजी गिरीज येथे, सॅन्टन यांच्या राहत्या घरी, नमुना क्रमांक अठ्ठावीस या चहाला चाळीसपैकी चाळीस गुण मिळाले आणि तो एकमताने पहिला आला.

असं काही घडलेलं नाही. त्या दिवशी त्या घरात चहाच झाला नाही, आणि झाला असला तरी तो कोणी प्यायला नाही. वाचकांनी वरचं वाक्य वाचलेलं नाही असं धरून पुढे चालावं.

मनुष्यप्राण्याची खरी पारख त्याच्या धर्मावरून, शिक्षणावरून किंवा घराण्यावरून होत नसते. दुसऱ्याने करून दिलेल्या चहाचा पहिला घोट घेतल्यावर तो किती वेळ गप्प राहतो, यावरून होते. सॅन्टन यांच्या घरात ही वेळ सरासरी चार सेकंद होती. (थोरले काका दोन, मार्सेल शून्य.)

हा सरासरीचा आकडा घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होता. ती म्हणजे सॅन्टन यांची सून रोझमेरी. गासहून लग्न होऊन गिरीजला आली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं ती रोज पहाटे चार प्रकारचे चहा चार वेळा करत होती. चारला थोरले काका आलोशियस, म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ, उठत. त्यांना केळीच्या वाडीला पाणी लावायचं असे, आणि त्याआधी गवती चहा टाकलेला, साखर जास्त, दूध नुसतं दाखवलेलं असा चहा लागे. पावणेपाचला तिचा नवरा आल्बर्ट. त्याची कारखान्यात पहिली पाळी. त्याला वेलची, आणि चहा असा उकळलेला की चमच्याने ढवळताना चमच्याला विचार पडावा. पाच चाळीसला सासरे सॅन्टन. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत ते एकतीस वर्षं हेडक्लार्क होते आणि एकतीस वर्षं पाच चाळीसला उठले. नोव्हेंबरात निवृत्त झाले, पण निवृत्तीच्या आदेशात उठण्याच्या वेळेचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ती वेळ चालू राहिली. त्यांना आलं. मग कधीतरी सहा ते नऊच्या दरम्यान धाकटा दीर मार्सेल. तो ऑक्टोबरात कुवेतहून रजेवर आला होता. रजा कधी संपते हे विचारणं पाहुणचाराला शोभत नसल्याने कोणी विचारलं नव्हतं. येताना त्याने दोरी लावलेल्या पुड्यांचा एक पत्र्याचा डबा आणला होता. लिंबाच्या वासाचा चहा. पुडी गरम पाण्यात बुडवायची, वर काढायची, दोरी बशीत ठेवायची आणि बाकीच्यांकडे दयेने बघायचं.

सासूबाई आग्नेस गाळणीत उरलेलं पीत. त्यांना काय आवडतं याची कुठेही नोंद सापडत नाही.

आता रोझमेरीची अडचण. ती बाहेरून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली होती, विषय इतिहास, पेपर एप्रिलात. त्या घरात डोकं शांत राहावं अशी वेळ पहाटे चार ते सहा एवढीच होती, आणि तीच नेमकी चहाची होती. पुस्तक ती दुधाच्या पातेल्याशेजारी उघडून ठेवायची. दूध वर आलं की फ्रेंच राज्यक्रांती थांबायची. गेली दोन वर्षं फ्रान्सच्या राजाला तुरुंगात नेलं जात होतं, पण आल्बर्टची वेलची कुटायची राहिलेली असल्याने तो काही तिथे पोचत नव्हता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने धीर करून सासऱ्यांना सांगितलं, “पप्पा, चौघांना मिळून एकच चहा चालला तर मला पहाटेचा दीड तास मिळेल. पास व्हायचं तर तेवढा हवाच.”

दुसरा कोणी सासरा असता तर हो म्हणाला असता किंवा नाही म्हणाला असता. सॅन्टन म्हणाले, “लेखी दे.”

निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांत प्रथमच तेज आलेलं दिसलं. आग्नेसबाईंनी ते पाहिलं आणि सुनेला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, “काय केलंस हे पोरी. दोन महिने कसे शांत बसले होते.”

रोझमेरीने अर्ज दिला. सॅन्टन यांनी तो दाखल करून घेतला, त्यावर क्रमांक घातला, आणि आठ दिवसांनी चहा तुलना समिती अस्तित्वात आली. अध्यक्ष सॅन्टन. सदस्य आलोशियस, आल्बर्ट आणि मार्सेल. कार्यवाह रोझमेरी, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. चहा करण्याचं कामही कार्यवाहाकडे, कारण ते आधीपासूनच तिच्याकडे होतं आणि चालू व्यवस्थेला धक्का लावणं समितीच्या कक्षेत बसत नव्हतं. आग्नेसबाई मदतनीस. उद्दिष्ट: निरनिराळ्या वासांच्या व चवींच्या चहांची घरच्या घरी तुलना करून सर्वांना मान्य असा एकच चहा निश्चित करणे. बैठक रोज संध्याकाळी पाचला, आल्बर्ट पाळीवरून परतल्यावर.

घरात सगळे आपसात बोलीतच बोलत. बैठकीत मात्र अध्यक्षांनी कार्यालयीन मराठी सक्तीची केली. बोलीत भांडण झालं तर ते जेवणापर्यंत मिटतं, कार्यालयीन मराठीत ते टिकतं, असा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता.

नियम एकूण सात होते. पहिले सहा कप कुठल्या हाताने धरावा, घोट किती मोठा असावा, पाव बुडवल्यास गुण कसे कापावेत अशा स्वरूपाचे होते. सातवा असा: ज्या व्यक्तीने केलेला नमुना पहिला येईल, त्या व्यक्तीने तो चहा यापुढे रोज पहाटे चार वाजता संपूर्ण कुटुंबासाठी करावा; यात सवलत नाही. हा नियम वाचून दाखवताना अध्यक्षांनी सुनेकडे आणि बायकोकडे आलटून पालटून पाहिलं. स्पर्धा निकोप राहावी म्हणून. सदस्यांनी तो टाळ्या वाजवून मंजूर केला. रोझमेरीनेही हरकत घेतली नाही. एकदाच करायचा तर ती आनंदाने करणार होती. चार वेळा नको एवढंच तिचं म्हणणं.

कामाला सुरुवात झाली. आधी चौघांचे चार चहा तपासले गेले आणि प्रत्येकाने आपल्या चहाला दहा आणि इतरांच्या चहांना मिळून दहा दिले. ही कोंडी फोडायला नवे नमुने मागवण्यात आले. पुदिना झाला. दालचिनी झाली. आलं आणि गवती चहा एकत्र झाला, त्यावर काका आणि सॅन्टन दोघे भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तुळशीचा करायचा म्हणून शेजारच्या कमळीबाईंकडे पानं मागायला रोझमेरी गेली, तर त्यांनी ओंजळभर पानं देऊन विचारलं, “येवढ्या लोकांना येकदम खोकला? पानी बाधलं काय गो?” जायफळाच्या चहानंतर गणसंख्येअभावी बैठक तहकूब झाली, सदस्य हजर होते, पण झोपलेले. काकांच्या आग्रहाखातर त्यांच्या वाडीतल्या मोगऱ्याचा चहा केला. तो ओठाला लावताच सगळे नकळत उठून उभे राहिले, कारण वास चर्चच्या वेदीवरच्या फुलांचा होता. त्याला गुण देणं पाप ठरेल का, हा प्रश्न फादरांना विचारावा असं ठरलं. फादरांनी दोन कप पिऊन हा प्रश्न आपल्या अधिकाराबाहेरचा असल्याचं सांगितलं. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घातलेल्या चहाबद्दल इतिवृत्तात फक्त एवढंच आहे की कप परत मिळाले नाहीत.

गुणपत्रिकेत रंग, वास आणि घोट असे रकाने होते, शिवाय शेरा. अध्यक्षांचा शेरा बहुधा ‘ठीक. तथापि.’ एवढाच असे. काका लिहीत, ‘यापेक्षा रहाटाचं पाणी बरं.’ आल्बर्ट दिवसभराच्या पाळीने इतका दमलेला असे की तो नमुन्याऐवजी बशीला गुण द्यायचा. मार्सेलने सत्तावीसही नमुन्यांपुढे ‘कुवेतला असा नसतो’ हे एकच वाक्य लिहिलं, आणि ते सत्तावीसही वेळा खरं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागला आणि काकांनी नेहमीप्रमाणे साखर सोडली. आता त्यांच्या जिभेला सगळेच चहा कडू. तेव्हा त्यांचे आधीचे गुण आणि नंतरचे गुण एका मापाने कसे धरायचे? अध्यक्षांनी यावर तोडगा काढला: सगळ्या नमुन्यांची बिनसाखरेची फेरचाचणी. मग साखरेची फेरचाचणी, तुलनेसाठी. मग त्या दोन फेरचाचण्यांची तुलना.

रोझमेरीने एकदा इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडून पाहिला. समितीच्या आधी ती चहापायी रोज एक तास पन्नास मिनिटं उभी राहत होती. समिती झाल्यापासून तीन तास पाच मिनिटं. म्हणजे दीड तास वाचवण्याच्या कामी रोज सव्वा तास जादा लागत होता. गणित तिला कळत होतं. पण आता थांबावं तर गेलेले तीन महिने वाया, आणि निकाल लागला तर सगळी सुटका. त्यामुळे ती आणखी एक आधण ठेवायची. तिकडे फ्रान्सचा राजा इतका वेळ वाट पाहून कंटाळला असावा. एका पहाटे तिला वाटलं की तोच विचारतोय, काय गो, आलं आहे का.

“तू त्यांना सांग की गोणीभर अभ्यास बाकी आहे,” आग्नेसबाई म्हणाल्या.

“सांगितलं. नोंद घेतली म्हणाले.”

“नोंद घेतली म्हणजे झालं मग,” सासूबाईंनी गाळणी आपटत म्हटलं. “माझ्या बाळंतपणाची पण नोंद घेतली होती. पोरगा झाल्यावर चौथ्या दिवशी आले.”

एप्रिल उजाडला. अध्यक्षांनी अंतिम बैठक जाहीर केली: सोमवार, नऊ तारीख, सकाळी अकरा. अंतिम गोष्टी कचेरीच्या वेळेतच व्हायला हव्यात, म्हणून आल्बर्टला रजा टाकायला लावली. त्या दिवशी सकाळी अकराला रोझमेरीचा पहिला पेपर होता. तिने ही बाब तोंडी सांगितली, मग लेखी दिली. नोंद घेतली गेली.

सोमवारी पहाटे तिने चारही चहा केले, चारही कप जागच्या जागी पोचवले आणि परीक्षेला गेली. आग्नेसबाई डबा आणि छत्री घेऊन तिच्याबरोबर गेल्या. केंद्राबाहेरच्या वडाखाली त्या तीन तास बसून होत्या. एवढा वेळ एका जागी बसणं त्यांना गेल्या तीस वर्षांत फक्त चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत जमलं होतं, आणि तिथेही मध्ये उठावं लागतं. दोघी परतल्या तेव्हा अडीच वाजले होते.

घर विलक्षण आनंदात होतं. चौघे पुरुष ओट्यावर ओळीने बसले होते आणि एकमेकांकडे आदराने बघत होते. काय झालं ते रोझमेरीला इतिवृत्तात वाचायला मिळालं. कार्यवाह गैरहजर असल्याने ते अध्यक्षांनी स्वतः, लफ्फेदार अक्षरात लिहिलं होतं. उरलेलं तिला स्वयंपाकघराने सांगितलं. पाच पातेली खाली उतरलेली होती आणि साखरेच्या डब्याचं झाकण पाण्याच्या माठात होतं.

इतिवृत्त असं: ‘अकरा वाजता सदस्य स्थानापन्न झाले. अकरा चाळीसपर्यंत चहा न आल्याने चौकशी केली असता, चहा करणारी व्यक्ती घरात नसल्याचे निदर्शनास आले. सबब अध्यक्षांनी स्वतः आधण ठेवले व त्यात आले ठेचून टाकले. श्री. आलोशियस यांनी गवती चहा टाकला. श्री. आल्बर्ट यांनी वेलची टाकली (सालासह). श्री. मार्सेल यांच्या पुड्या त्याच सकाळी संपल्या असल्याने त्यांनी दोन लिंबे पिळली. त्यानंतर दूध घातले असता चहाने वेगळे रूप धारण केले व पृष्ठभागी पांढरे गोळे दिसू लागले. सदर गोळ्यांस सर्वानुमते मलई असे संबोधण्यात आले. नमुना क्रमांक अठ्ठावीस. गुण चाळीसपैकी चाळीस. शेरा: असा चहा या घरात आजवर झाला नाही.’

शेरा अचूक होता. मार्सेलनेही पहिल्यांदाच आपलं वाक्य बदललं होतं: ‘कुवेतलाही असा नसतो.’ त्या घरात एकमत याआधी एकदाच झालं होतं. लाइट गेली होती तेव्हा, लाइट गेली आहे या मुद्द्यावर.

“थोडा ठेवलाय तुमच्यासाठी,” आल्बर्ट बायकोला म्हणाला. तो मनाने चांगला होता.

रोझमेरीने पातेल्यात डोकावून पाहिलं. आग्नेसबाईंनीही पाहिलं आणि त्या तातडीने परसात निघून गेल्या. तिथून बराच वेळ त्यांच्या खोकल्याचा आवाज येत राहिला. कमळीबाई कुंपणापलीकडून तुळस हवी का विचारत होत्या.

“पप्पा,” रोझमेरीने वही मिटून म्हटलं, “म्हणजे निकाल लागला.”

“लागला.”

“पहिला नमुना तुम्ही चौघांनी केलेला.”

“चौघांनी,” अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. “मी आधण ठेवलं.”

“मग उद्या पहाटे चारला तुम्ही चौघे उठणार. नियम सात.”

ओट्यावर जी शांतता पसरली ती चार सेकंदांहून पुष्कळ जास्त टिकली. आल्बर्टने काकांकडे पाहिलं, काकांनी केळीकडे. मार्सेलला एकाएकी आठवलं की त्याची रजा संपत आली आहे. सॅन्टन यांनी नियम सात काढून वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. सवलत नाही, हे शब्द त्यांचेच होते.

पण एकतीस वर्षं माणूस कचेरीत उगाच बसलेला नसतो. त्यांनी ब्लेड मागवलं, इतिवृत्ताचं पान शिवणीपासून बारीक कापून काढलं (फाडलं नाही, फाडलं तर पुरावा राहतो) आणि तिथल्या तिथे नवा ठराव सांगायला सुरुवात केली. रोझमेरीने पेन उघडलं. दिनांक ९ रोजी बैठक झाली नाही. चहा झाला नाही. निकाल लागलेला नाही. सदस्य आपापल्या चहाचे पक्षकार असल्याने त्यांना गुण देण्याचा अधिकारच नव्हता, ही बाब आता लक्षात आली आहे. तरी त्रयस्थ परीक्षक मिळेपर्यंत तुलना चालू समजावी.

“आणि तोपर्यंत?” रोझमेरीने विचारलं.

“तोपर्यंत जैसे थे.”

“जैसे थे कसं, पप्पा? तुलना चालू म्हणजे सकाळचे चारही चहा नमुने झाले. नमुन्याला कार्यवाहाचा हात लागला तर उद्या परीक्षक विचारणार, ही तर एका पक्षकाराची बायको. सगळी प्रक्रियाच रद्द होईल.”

सॅन्टन यांनी विचार केला. हरकत कायदेशीर होती. चांगली हरकत ऐकली की ती कोणाविरुद्ध आहे हे त्यांना दिसत नसे, एवढं त्यांचं कामावर प्रेम होतं. “बरोबर,” ते म्हणाले. “घाल ते.”

तिने घातलं: त्रयस्थ परीक्षकाचा अंतिम निकाल येईपर्यंत प्रत्येक पक्षकाराने आपला नमुना रोज स्वतः तयार करावा, कार्यवाह व मदतनीस यांनी पातेल्यापासून सहा फूट दूर राहावे. मग वही पुढे सरकवली. कारकुनाने नीट लिहून समोर ठेवलेला कागद सॅन्टन यांनी नोकरीत कधी वाचला नव्हता, नुसती सही केली होती. त्यांनी सही केली. इतर तिघांनी अध्यक्षांची सही पाहून केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला थोरले काका स्वयंपाकघरात काडेपेटी शोधत होते. रोझमेरी सहा फुटांवर, दाराशी पाट टाकून, पुस्तक घेऊन बसली होती.

“काडेपेटी कुठे असते गो?”

“सांगता येणार नाही, काका. निःपक्षपाती आहे मी.”

पावणेपाचला आल्बर्टने वेलची कुटली आणि बोटही. पाच चाळीसला अध्यक्षांनी आलं किसलं. पाटावर मात्र फ्रान्सचा राजा अखेर तुरुंगात पोचला, आणि चार दिवसांनी त्याचं पुढचंही आटोपलं. बाकीचे पाच पेपर व्यवस्थित गेले. जूनमध्ये निकाल आला: दुसरा वर्ग. आग्नेसबाईंनी तेव्हा सुनेला एक गोष्ट सांगितली, की त्यांना चहा आवडतच नाही, कधी आवडला नव्हता. याची नोंद घेण्यात आलेली नाही.

सॅन्टन यांनी मात्र हार मानलेली नाही. तुलना संपावी आणि घर मूळपदावर यावं यासाठी त्यांनी परीक्षकाच्या शोधात गिरीज, गास, नाळा आणि पार मनवेलपाड्यापर्यंत पत्रं पाठवली. स्मरणपत्रंही गेली. परीक्षक निर्विवाद त्रयस्थ असावा म्हणून अटी कार्यवाहाने घातल्या होत्या. एकही अर्ज आलेला नाही. त्यामुळे ही विनंती आता सर्वांसाठी खुली करण्यात येत आहे:

‘तमाम वाचकांस कळवण्यात येते की, वरील समितीस एका परीक्षकाची तातडीने आवश्यकता आहे. उमेदवार पुरुष असावा. आज सकाळी त्याच्या घरात झालेला पहिला चहा त्याने स्वतः केलेला असावा व तो प्रथम घरातल्या बाईच्या हातात दिलेला असावा. (करणारच होतो, करू का असे विचारले होते, एका दिवाळीत केला होता, हे ग्राह्य धरले जाणार नाही.) अर्जासोबत सदर बाईंची सही जोडणे बंधनकारक आहे. सही घेतेवेळी त्या स्वस्थ बसलेल्या असाव्यात. तरी पात्र इच्छुकांनी हे वाचून होताच, रिकामा कप आहे तिथेच न ठेवता, उठावे, ही नम्र विनंती.’